व्याख्यानानंतर जेवण नाही

पत्रिकेवर बायकोचा, सुलेखाचा फोटो टाकायचा, एवढाच निर्णय इंद्रजीतनं स्वतःच्या डोक्यानं घेतला. बाकीचं सगळं तिनंच ठरवून ठेवलेलं होतं.

सुलेखा शाळेत इतिहास शिकवायची. शहरातले जुने दरवाजे, बारवा, पाणी आणणारी मातीच्या नळांची नहर यांची निगा कशी राखावी यावर जाणकारांनी बोलावं, आणि तेही हॉलमध्ये नव्हे, त्या दरवाजाला लागून राहणाऱ्या लोकांसमोर, असं तिचं म्हणणं. ("हॉलमध्ये येतात त्यांना सगळं आधीच माहीत असतं. ते पंख्याखाली झोपायला येतात.") त्यासाठी कुणीतरी पैसे द्यावेत म्हणून ती वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली. सगळीकडे कौतुक झालं, कौतुकापलीकडे काही झालं नाही. मग ती गेली. तिच्या फंडाचे पैसे इंद्रजीतच्या खात्यात आले आणि ते दुसऱ्या कशावर खर्च करायची त्याची हिंमत झाली नाही. पहिलं व्याख्यान त्यानं तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला ठेवलं. जमलं तर पुढची ठेवायची. नाही जमलं तर पैसे बँकेत आणि आपण सोफ्यावर.

धास्ती एकच होती, माणसं येतील का? माणसं जमवणं हे सुलेखाचं खातं. इंद्रजीत पाटबंधारे खात्यातला माणूस. त्याच्या बोलावण्यावर आजवर फक्त प्लंबर आला होता, तोही दुसऱ्या दिवशी.

म्हणून त्यानं पत्रिका मोबाइलवरून दिसेल त्याला पाठवली. सासुरवाडीला, देवगाव रंगारीला, सुलेखाच्या भावाला, सांडूलाही पाठवली. वर हार घातलेल्या सुलेखाचा फोटो, खाली तारीख, वेळ सकाळी अकरा, आणि त्याखाली बारीक अक्षरात विषय : 'जुन्या वास्तूंचं जतन आणि आपला मोहल्ला'.

आता अशी पत्रिका देवगावात कुणी वाचत नाही. बघतात. हार घातलेला फोटो, वर्ष भरलेलं, वेळ अकराची. म्हणजे आधी कीर्तन आणि मग जेवण. यात वाचायचं काय राहिलं?

त्या सकाळी एका जुन्या दरवाजाशेजारच्या मैदानात इंद्रजीत खुर्च्या पुसत असताना एक टेम्पो येऊन थांबला. मागून दुसरा. आधी माणसं उतरली, मग बाया, मग टाळ, मग पखवाज.

"दाजी, वीणेकरी मागं राहिला, येष्टीनं येतोय," सांडू म्हणाला. "महाराज कुठायत?"

"कोणते महाराज?"

"कीर्तनाला कोन हाय, म्हन्तो मी."

"कीर्तन नाही रे. व्याख्यान आहे. पत्रिकेत लिहिलंय की!"

सांडूनं मोबाइल काढला, पत्रिका बोटांनी मोठी केली आणि खालची बारीक ओळ वाचली. मग हळूच म्हणाला, "दाजी, हे आईला सांगू नका. वर्षभर घराभाईर पडली नाय ती. आज पैल्यांदा आलीया."

टेम्पोच्या फळीला धरून भागूबाई उतरत होत्या. सुलेखाची आई. अंगावर कोरं लुगडं होतं. त्यांनी मैदान पाहिलं, खुर्च्या पाहिल्या आणि विचारलं, "जावईबापू, चुली कुठं मांडल्या?"

"मागं," इंद्रजीत म्हणाला. (मागं फक्त दरवाजा होता. चहाचा थर्मास आणि बिस्किटांचे पुडे धरून स्वयंपाक एका खुर्चीवर मावत होता.)

तो कोपऱ्यावरच्या खानावळीकडे पळाला.

"शंभर पानं? आत्ता? साहेब, लग्नसराई हाय," खानावळवाला म्हणाला. "खिचडी व्हईल."

"आणि गोड?"

"खिचडीच व्हईल."

परत येतो तोवर व्याख्याते आले होते. रिझवानसर, जुन्या इमारती दुरुस्त करणारे आर्किटेक्ट. एका हातात लॅपटॉप, गळ्यात झेंडूचा हार, आणि पायाशी वाकलेल्या भागूबाई.

"अरे अम्मा, ऐसा नक्को करो!" ते मागं मागं सरकत होते. इंद्रजीत दिसताच त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "साहेब, आपण चाळीस मिनिटं म्हणाला होता ना?"

"आता खिचडी शिजेपर्यंत," इंद्रजीत म्हणाला, आणि खरं काय ते सांगून टाकलं.

रिझवानसरांनी भागूबाईंकडे एकदा पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. खुर्च्या केव्हाच कडेला गेल्या होत्या. लोक सतरंजीवर बसले होते, टाळकरी सरांच्या मागं रांगेत उभे राहिले होते.

"हा दरवाजा पडायला आलाय," सरांनी सुरुवात केली.

पखवाजावर थाप पडली. सर दचकले.

"आणि आपण त्याला काय लावतो? सिमेंट!"

पुन्हा थाप. तिसऱ्या थापेला सरांना अंदाज आला, चौथ्यापासून ते तिच्यासाठी थांबू लागले. सिमेंटनं भिंतीचा श्वास कोंडतो, पाणी आतच राहतं, भिंत वरून धडधाकट दिसते आणि आतून कुजते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा टाळसुद्धा वाजले. मग पूर्वी चुना कसा करत ते निघालं. चुना महिनोन्महिने भिजू द्यायचा, त्यात गूळ, उडदाचं पाणी, हिरडा, बेलाचा गर. बायका पुढं सरकल्या.

"उडीद भिजवायचं का शिजवायचं?" भागूबाईंनी विचारलं.

"भिजवून आंबवायचे, अम्मा."

"आन् गूळ मागून?"

यावर अर्धा तास गेला. एवढं मन लावून ऐकणारे लोक सुलेखालाही कधी मिळाले नव्हते. भागूबाई त्या दरवाजाकडे बघत राहिल्या. मग इंद्रजीतला म्हणाल्या, "पोरगी हेच सांगायची व्हय?"

"हेच."

"मला वाटायचं, राजांच्या सनावळ्या शिकवती."

खिचडी आली ती दोन वाजून गेल्यावर, तीही करपलेली. शेवटच्या पंगतीला पुरली नाही. गोड म्हणून बिस्किटं वाढली. लोकांनी निमूटपणे खाल्ली. दुःखाच्या घरी जेवणाला कुणी नावं ठेवत नाही.

निघताना सांडू जवळ आला. "दाजी, महाराजांचा नंबर द्या."

"ते महाराज नाहीत रे."

"जे काय असतील ते. थोरल्या काकांचं वर्ष हाय फाल्गुनात. आमच्या बारवेपशी ठिवतो. लई पडझड झालीया तिची. खर्च समदा आमचा."

सुलेखाला इतक्या वर्षांत जे कुणी दिलं नाही, ते टेम्पोला टेकून उभा असलेला हा माणूस न मागता देत होता. "मी येईन," इंद्रजीत म्हणाला. "काही मदत लागली तर..."

सांडूनं टेम्पोत बसलेल्या आईकडं पाहिलं.

"या जावईबापू," भागूबाई पदर सावरत म्हणाल्या. "मदत नगं. नुसतं जेवायला या. आन् चार मानसांना कसं जेवू घालत्यात, ते बघून घ्या."