इनास अंकलची गोड तंबाखू

आमचे घरमालक इनास अंकल ओट्यावर सुपात तंबाखू वाळत घालत आणि शेजारी काठी घेऊन राखणीला बसत.

"अवो, कावळा कधी तंबाखू खातो काय?" आंटी आतून विचारायची.

"ही तंबाखू खाईल. हिला केकचा वास हाय."

वास खरंच होता. अंकलचा एकुलता एक मुलगा व्हिक्टर मालवाहू बोटीवर होता. बापाशी भांडून गेला, त्यानंतर पत्राची एक ओळ नाही. मात्र वर्षातून दोनदा अंधेरीच्या आमच्या गावठाणात पोस्टमन परदेशी तंबाखूचा डबा घेऊन यायचा. तंबाखू चेरीच्या अर्कात मुरवलेली. अंकलना पाइपमध्ये लागायची काळी, घसा खरवडणारी. नव्या डब्यातला पहिला झुरका घेऊन ते डोळे मिटत आणि म्हणत, "कुणीतरी खोकल्याचं औषध पेटवलंय."

पण फेकायची? छे!

"तंबाखू वाईट नसते गो बाय," ते मला सांगत. "तिला वळण लावावं लागतं."

हे वळण लावणं मी जिन्याच्या पायरीवर बसून पाहत असे. आधी ऊन. मग फडक्यात बांधून भाताच्या वाफेवर. त्या दिवशी भाताला चेरीचा वास येई आणि आंटी ओरडे, "माझ्या भाताची वाट लावली या माणसाने!" मग दोन फळ्यांमध्ये घालून पाट्याखाली दाबणं. मग खरी परीक्षा: गावठी काळ्या पानाच्या सात चिमटींत हिची एक चिमूट. जमलं तर आठवड्याने दोन. झुरका घेऊन अंकल निकाल देत, "आज थोडी शहाणी झाली." जी अगदीच सुधारत नसे तिची पुरचुंडी आंटीच्या लोकरी कपड्यांत जाई, नाहीतर तिचं पाणी गुलाबावरच्या किडीवर.

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतका धीर असलेला माणूस मी पाहिला नव्हता. पाचव्या महिन्यात ओट्यावरून जो धूर वर यायचा, त्याला भाजलेल्या गुळाचा, किंचित कडू वास असायचा. जन्मात विडीला न शिवलेले माझे बाबासुद्धा तेव्हा खिडकीत येऊन उभे राहत.

व्हिक्टर शिकला इंग्रजीत, त्याला मराठी वाचता येत नसे. म्हणून डबा आला की पार्सलवरच्या बोट-कंपनीच्या पत्त्यावर आभाराचं पत्र मी लिहायची. अंकल सांगत, "लिही, फर्स्ट क्लास तंबाखू. तुझ्या बापाला लय आवडली." मी मान खाली घालून लिहीत असे. एका वर्षी मात्र मला राहवलं नाही. कुणाला न सांगता मी शेवटी एक ओळ वाढवली: तुमच्या वडिलांना काळी, कडक तंबाखू आवडते.

पुढचा डबा आला तो काळ्या तंबाखूचा. अंकलनी झाकण उघडलं आणि हुंगलं.

"अगो, पोराला कळलं! बापाला काय आवडतं ते कळलं त्याला!"

सूप नाही, वाफ नाही. थेट पाइप भरला. सकाळ-संध्याकाळ नुसता धूर. जिन्यावर बसून मी मनातून फुलून गेले होते. दहाव्या दिवशी डबा रिकामा झाला.

मग ओट्यावर काहीच उरलं नाही. अंकल हात मांडीवर ठेवून नुसते बसू लागले. मला वाटलं, आंटीशी भांडण झालं असावं. आठवडाभराने धीर करून मी त्या ओळीची कबुली दिली. ते रागावले नाहीत.

"चांगली होती गो, एक नंबर," ते म्हणाले. "पण आवडती ती दहा दिवसांत संपली. ती गोड सहा महिने पुरायची. तिचं करता करता दुसरी यायची. मध्ये पोराशिवाय एक दिस जात नव्हता."



मी कागद घेतला आणि लिहिलं, की डॉक्टरांनी कडक तंबाखू बंद केली आहे, पूर्वीचीच पाठवावी. मग मराठीत वाचून दाखवलं.

"कुठला डॉक्टर?"

"आहे एक," मी म्हटलं.

अंकलनी खाली हळूहळू सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि विचारलं, "बोटीवर पत्र पोचायला किती दिस लागतात गो?"