न घेतलेल्या गाडीचं बारसं

"छपराचे पैसे त्या भंगारात घातलेस ना कासियानो, तर झोपायलाही तिच्यातच जायचं. आणि जेवायलाही," निकोलासानं पत्र्याच्या पेटीला कुलूप लावून किल्ली पोलक्यात खोचली आणि हारांची टोपली डोक्यावर घेतली.

"मी नुसती बघून येतो गं."

"तू शनिवारी दाढी करून नुसतं काही बघायला जात नाहीस. मला माहीत नाही का?"

कासियानोनं गालावरचा साबण पुसला. बाई खरं बोलत होती. तळ्याकाठच्या कोपाकाबाना गावात, देवळासमोर निकोलासाचा हारांचा ठेला. ला पास, एल आल्तो अशा कुठल्या कुठल्या शहरांतून लोक आपापल्या गाड्या घेऊन फादरांकडून कुमारी मातेचा आशीर्वाद घ्यायला येत, आणि निको त्या गाड्यांना नवरीसारखं सजवून देई. नवऱ्यानं उभी हयात दुसऱ्यांच्या मिनीबस हाकल्या आणि बायकोनं दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्या. घरची म्हणून एक हातगाडी होती, तिचंही एक चाक वाकडं.

आणि आता झेनोबिओ औषधवाला त्याच्या वडिलांची गाडी विकत होता. ती गाडी! लांब नाकाची, फिकट हिरवी, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. कासियानो शाळेत असताना ती झेनोबिओला आणि त्याच्या भावंडांना न्यायला फाटकाशी यायची. दार उघडलं की आतल्या लाल कातडी सीटचा वास बाहेर यायचा आणि कासियानो तो वास घ्यायला मुद्दाम फाटकाशी रेंगाळायचा. दार बंद व्हायचं, गाडी जायची, हा पायीच घरी. इतकी वर्षं झाली, पण त्याला ती गाडी हवी होती. कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. हवी होती म्हणजे हवी होती.

झेनोबिओ दारातच खुर्ची टाकून बसला होता. डोळ्यांनी अधू, पण जीभ शाबूत.

"बघ, नीट बघ. लपवाछपवी नाही आपल्याकडे."

कासियानोनं गाडीभोवती एक फेरी मारली. दाराच्या खालच्या कडेला हात लावला तर बोटांवर लाल भुकटी आली. ती त्यानं विजारीला पुसली आणि काही झालंच नाही असा चेहरा केला.

"गंज वगैरे..." त्यानं चाचरत विचारलं.

"गंज कसला! तळ्याकाठची हवा आहे, जरा तांबूस होतंच सगळं. माझं ताट बघ, तेही तांबूस आहे."

ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली तर खाली फरसबंदी दिसली. मधे पत्राच नव्हता.

"तिथून वारा छान येतो," झेनोबिओ म्हणाला. त्याला न दिसताही कळलं होतं की कासियानो काय बघतोय. "घे किल्ली. चक्कर मारून ये. फक्त एक लक्षात ठेव, रिव्हर्स पडत नाही. पण चांगल्या माणसाला मागे जायचंय कशाला?"

गाडी सुरू झाली. खोकत, शिंकत, पण झाली. कासियानोनं सीटवर हात फिरवला. कातडं फाटलं होतं, आतून काथ्या डोकावत होता, पण वास तोच होता. गल्लीतून जाताना त्यानं कोपर खिडकीबाहेर काढलं आणि वाण्याच्या दुकानाशी हळू केली, म्हणजे वाण्याला बघता यावं. वाणी नेमका आत होता. मग जरा पुढं न्यावी म्हणून तो उतारानं चौकाकडे वळला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

शनिवार! आशीर्वादाच्या गाड्यांची रांग थेट गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. पुढं बटाट्याची लॉरी. कासियानोनं ब्रेक दाबला, तोही कसाबसा लागला. मागे जावं म्हणून गियर टाकला तर नुसती करकर. तेवढ्यात पाठीमागे कोरी करकरीत मिनीबस येऊन चिकटली. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला ठेले. रांग पुढं सरकली की सरकायचं, एवढंच हातात उरलं.

"मोठा हार की छोटा, दादा?" ठेल्यावरची बाई मान वर न करता म्हणाली. मग तिनं मान वर केली.

"कासियानो!"

"चक्कर मारतोय फक्त."

"चक्कर? फादरच्या पुढ्यात?"

"अगं, मागे जात नाही ही."

"मग बाजूला घे ना मेल्या!"

"बाजूला तूच बसलीयेस!"

आजूबाजूच्या ठेल्यांवरच्या बाया तोंडाला शाल लावून खुसखुसायला लागल्या. मागच्या मिनीबसमधून एक गलेलठ्ठ, हसरा माणूस उतरला. एल आल्तोचा विल्फ्रेदो. त्यानं कासियानोचा हात खिडकीतूनच गदागदा हलवला.

"अभिनंदन काका! काय माल आहे! बारशाला धर्मबाप कोण हिचा?"

"कोणी नाही हो, ही अजून..."

"कोणी नाही? एवढी देखणी गाडी आणि अनाथ? मी होतो की! आजपासून तुम्ही-आम्ही कोम्पाद्रे. आता मरेपर्यंत सुटका नाही बरं का!" त्यानं कासियानोला खिडकीतूनच मिठी मारली आणि बियर आणायला पळाला.

आता आली पंचाईत निकोलासाची. कोम्पाद्रे म्हणजे घरचाच माणूस झाला. त्याच्यादेखत, आख्ख्या बाजारादेखत, हारवालीच्या नवऱ्याची गाडी फादरपुढं उघडीबोडकी जाणार?

"शोभेल का मला ते?" ती दात-ओठ खात म्हणाली आणि टोपली घेऊन उठली. तिनं पंखांना लाल-पिवळे हार घातले, दिव्यांभोवती फुलं खोचली, बॉनेटवर ठेवणीतली मोठी कागदी टोपी बांधली. "घरी चल, मग सांगते," असं प्रत्येक गाठीला म्हणत होती, पण गाठ मात्र पक्की मारत होती.

फादर बादली आणि कुंचा घेऊन आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत पाणी शिंपडलं. इंजिनातून भस्सकन वाफ आली.

"काय मागायचं आईजवळ?" त्यांनी विचारलं.

कासियानोनं बायकोकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. कुमारी मातेच्या दारात खोटं कसं बोलणार?

"ही गाडी माझी व्हावी, फादर."

फादरांचा कुंचा हवेतच थांबला. "म्हणजे? अजून झालेली नाही?"

"ठरवतोय."

"रांगेत बसून ठरवतोयस?"

लॉरीवाल्यापासून मिनीबसवाल्यापर्यंत सगळे हसले. फादरही हसले. "आई, याला बुद्धी दे आणि हिला ब्रेक दे," म्हणत त्यांनी दोघांनाही भिजवून काढलं.

मग रिवाजाप्रमाणे कोम्पाद्रेनं मडगार्डवर बियर ओतली. फेस पांढरा खाली उतरायचा, तो तांबडा उतरला. रंगाचा पोपडा सुटला, त्यामागून पुट्टीचा गोळा सुटला. "हे काय?" म्हणून विल्फ्रेदोनं बोट लावलं तर बोट थेट आत. त्याच वेळी त्याच्या मेहुण्यानं फटाक्यांची माळ लावली. धडाधड आवाज झाला आणि पुढचा बंपर खणकन जमिनीवर आला.

कासियानो खाली उतरला. गंजानं पडलेल्या भोकात फुलांच्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्या तो एकेक करून काढायला लागला, दुखऱ्या माणसाला हात लावावा तसा, हलक्या हातानं. निकोलासा त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत या माणसानं स्वतःसाठी एक टोपीसुद्धा मागितली नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"किती मागतोय तो झेनोबिओ?" तिनं विचारलं.

"निको?"

"छप्पर अजून एक वर्ष तग धरेल. विचारते ते सांग."

आणि तेवढ्यात काठी टेकत, धापा टाकत झेनोबिओच आला. कासियानो गाडी घेऊन पळाला म्हणून तो निम्मा गाव पालथा घालून आला होता. तोंडात शिव्या तयार होत्या. पण गाडीजवळ आला आणि थांबला. नाक अगदी हारांना टेकवून त्यानं बघितलं, पंखांवरून हात फिरवला, आणि म्हातारा रडायलाच लागला.

"बाबांनी कधी हिला हार घातला नाही. आम्ही मोठे लोक ना! मला माहीतच नव्हतं ही अशी दिसते. नाही विकायची मला. माफ कर कासियानो, नाही विकायची."

कासियानोच्या काळजात चर्र झालं. हातातोंडाशी आलेला घास! भांडावं, आशीर्वादाचा हक्क सांगावा असं त्याला वाटलं. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते त्याला फार ओळखीचं होतं. त्यानं नुसती मान डोलावली.

"आणि माझे हार?" निकोलासा कडाडली.

"देतो गं बाई, दामदुप्पट देतो. पण हिला घरी कोण नेणार? मला रस्ता दिसत नाही."

बंपर मागच्या सीटवर गेला, बंपरशेजारी झेनोबिओ. पुढच्या सीटवर, घागरे आवरून, निकोलासा. रिव्हर्स नव्हताच, म्हणून तळ्याच्या काठानं वळसा घेऊन जावं लागलं. ऊन पाण्यावर पडलं होतं. हार फडफडत होते. पायाखालून वारा येत होता.

झेनोबिओच्या दारात गाडी उभी राहिली. कासियानोनं किल्ली काढली, जरा वेळ मुठीत धरली आणि मागे दिली. झेनोबिओनं ती घेतली, चाचपली.

"नाही विकायची म्हणजे, आज नाही," तो ओशाळून म्हणाला. "तू येत जा बघायला. गिऱ्हाईक आहे म्हटलं की मलाही जरा बरं वाटतं."

"गंज फार आहे हो," कासियानो आवाज सांभाळत म्हणाला. "विचार करावा लागेल." त्यानं खाली उतरून बायकोच्या बाजूचं दार उघडलं.

निकोलासानं ते आतून ओढून परत लावून घेतलं.

"एका चकरेत काय कळतं?" समोर तळ्याकडे बघत ती म्हणाली. "किल्ली घे त्यांच्याकडून. अजून एक मारून बघ."