हात काढा

आमच्या पोशीरच्या बाळाराम तात्यांच्या घरातून दिवसातून एकदा तरी "हात काढाऽ" अशी आरोळी येते. नवखा माणूस दचकतो. काकू मात्र पिठाचे हात मुकाट्याने वर करतात. मी चहाला गेलेलो असलो तर कप ठेवून मीही करतो. मग तात्या कॉम्प्युटरचं एंटर दाबतात.

तात्यांचा जन्म खोपोलीच्या कारखान्यात गेला. तिथं मशीन चालू करण्याआधी अशी हाक द्यायची, म्हणजे कुणाची बोटं आत राहत नाहीत. कारखाना सुटला, हाक सुटली नाही. "बटण ते बटण," तात्या म्हणतात. "मशीन दिसत नाय म्हणून काय झालं?"

तर या माणसाची वेबसाइट आहे. तिच्यावर रोज एक फोटो: कधी बांध, कधी म्हैस, कधी काकूंच्या वाळत घातलेल्या मिरच्या. खाली एक ओळ, 'आज भात पोटरीत आलं, आता लोंब्या येतील.' गावात ती कुणी बघत नाही, कारण दार उघडलं की तेच फुकट दिसतं. मी चिडवलं की तात्या म्हणतात, "एक गिऱ्हाईक हाय. बास झालं."

यंदा ती साइट ठेवणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला. लवकर हलवली नाही तर सगळं पुसलं जाणार होतं. नवी जागा मिळाली, पण तिथं काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून कामं करून घ्यायची. मी बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, एवढ्या भांडवलावर रविवारी सकाळी मला बोलावणं आलं.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटेना. तसं ते उमटतच नाही, असं मी सांगितलं. मग तात्या एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करू लागले. तो पासवर्ड आता आळीतल्या पोरांना पाठ आहे.

पुढं पडद्यावर विचारणा झाली, साइट कुठल्या शहरात ठेवू? मी म्हटलं, "मुंबई घ्या. आपल्याला जवळ."

"आपल्याला कशाला जवळ रं? आपण अंगणात बघतो," म्हणत तात्यांनी जर्मनीतलं शहर निवडलं.

"हात काढाऽ!"

हात वर झाले, एंटर दाबलं आणि पडद्यावर लाल ओळी आल्या. तात्यांचा चेहरा उतरला. "गेलं का रं सगळं?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. काही गेलं नव्हतं, आम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये उभे होतो. दुसऱ्या खेपेला साइट सुरू झाली.

मी उठलो, तर तात्यांनी मनगट धरलं. "थांब. तिकडं आता सकाळ व्हतीय." त्यांनी आणखी एक हुकूम टाइप केला. साइट कुणी उघडली की कुठल्या देशातून, याची तिथं एक ओळ उमटते. आम्ही बघत बसलो. चहावर साय धरली.

ओळ आली. जर्मनी.

"म्हेश उठला," तात्या म्हणाले.

महेश त्यांचा मुलगा. गणपतीला, दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. "फोनवर त्याला काय सुचत नाय, मला बी नाय," तात्या पडद्याकडे बघतच म्हणाले. "पर रोज येऊन बघून जातो." आजवर त्या एका गिऱ्हाइकावरून मी किती हसलो होतो.

तात्यांनी त्या ओळीवर बोट टेकवलं होतं.

"अवो, हात काढा," काकू मागून म्हणाल्या. "मला बी बघू द्या."

तात्यांनी सरकून त्यांना शेजारी जागा दिली. हात मात्र काढला नाही.