एक वाजताचं रीडिंग

ऑफिसची जागा बघायला जाताना माणसं मोजायची टेप नेतात, होकायंत्र नेतात, एखादा जाणकार मेहुणा नेतात. आमचे उकिडवेकाका जेवणाचा डबा नेत. डबा, घडीचं स्टूल, स्टॉपवॉच आणि लिंबाच्या लोणच्याची छोटी बरणी. बरोबर एक वाजता ते रिकाम्या जागेत मधोमध स्टूल टाकत, दार सताड उघडं ठेवत, बरणीचं झाकण काढत आणि स्टॉपवॉच सुरू करत. शेजारच्या ऑफिसातून कुणी जेवायला बोलावतं का, आणि किती वेळात, एवढंच त्यांना मोजायचं असे.

"लोणचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"वास बाहेर जायला नको? इनपुट दिल्याशिवाय रीडिंग कसं येणार?"

काका धायरीत आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहत. एकटेच. कारखान्यांतली दाब दाखवणारी यंत्रं खरं दाखवतात की खोटं, हे तपासून प्रमाणपत्र द्यायचं हा त्यांचा व्यवसाय. माणसांशी बोलतानाही चेहरा तोच. जिन्यात भेटल्यावर "आज फार उकडतंय, नाही?" म्हटलं, तर "चौतीस पॉइंट दोन," म्हणून खाली उतरत.

मी मूळची अमरावतीची. हिंजवडीतली नोकरी सोडून वेबसाइट बनवायचं स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा आमचं डायनिंग टेबल हेच ऑफिस होतं. एकदा क्लायंट बसलेला असताना नवरा टॉवेलवर बाहेर आला आणि "माझा चहा?" म्हणाला. त्याच दिवशी मी जागा शोधायला लागले. स्वतःला सहा महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात जम बसला नाही, तर पुन्हा सकाळी सातची कंपनीची बस, आणि त्या बसचा मला मनापासून कंटाळा आला होता.

काकांना बरोबर घेतलं, कारण सोसायटीतल्या तिघांना त्यांनी जागा निवडून दिल्या होत्या आणि तिघेही तिथे टिकून होते.

पहिली जागा बाणेरला, काचेच्या इमारतीत. मी लिफ्टमध्येच तिच्या प्रेमात पडले होते. काकांनी स्टूल टाकलं, पोळीचा घास मोडला. कॉरिडॉरमधून लोक जात होते, आत बघतही होते. वीस मिनिटांनी सिक्युरिटीवाला आला. "सर, यहाँ खाना अलाउड नहीं है."

"रीडिंग अनंत," काका म्हणाले आणि स्टॉपवॉच थांबवलं.

दुसरी डेक्कनजवळ. नवव्या मिनिटाला शेजारचे एक गृहस्थ दारात आले. मी सावरून बसले. "आपलं अजून किती वेळ चालणार आहे?" त्यांनी विचारलं आणि जाताना आमचं दार लावून घेतलं.

"आलं तर खरं कुणीतरी," मी म्हणाले.

"ती चौकशी झाली. विचारपूस नव्हे."

तिसऱ्या जागेकडे जाताना मी त्यांना विचारलं, की तुम्ही स्वतःची जागा कशी निवडलीत? "शांतता बघून," ते म्हणाले. "कामाला शांतता लागते ना. टेबलही सिमेंटच्या ओट्यात बसवून घेतलंय. ते हललं की माझं माप हललं. एकोणीस वर्षं एका जागी आहे." मला वाटलं, फुशारकी मारताहेत.

ती तिसरी जागा सिंहगड रोडवर. लिफ्ट बंद, आणि खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारची भिंत. मी जिन्यातच 'नाही' ठरवून टाकलं होतं. तरी काकांनी स्टूल टाकून डबा उघडला. थोड्याच वेळात शेजारच्या, दातांच्या कवळ्या बनवायच्या लॅबमधून एक बाई डोकावल्या. "अहो, एकटेच काय जेवताय? या की इकडे. आणि ते लोणचंही आणा."

काका डबा घेऊन उठलेच. "चार मिनिटं, दहा सेकंद. घ्या ही जागा."

"काका, खिडकीत भिंत आहे!"

"खिडकीत बघत बसायला ऑफिस घेताय का आपण?"

बाणेरच्या मालकाला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. फोन हातात घेऊन मी तासभर बसले. शेवटी मनात आलं, ज्याच्या सहीवर विसंबून लोक कारखान्यात बॉयलर पेटवतात, त्याचं रीडिंग नाकारणारी मी कोण? भिंतवाली जागा घेतली. नवरा आठवडाभर मला हसत होता.

चौथ्या महिन्यात माझा सगळ्यात मोठा क्लायंट दोन ओळींचं ई-मेल टाकून निघून गेला. मी दार आतून लावलं आणि जुन्या कंपनीला पाठवायला बायोडेटा लिहायला घेतला. सव्वा वाजता दारावर थाप पडली. लॅबमधल्या बाई. "रडायचंय ते जेवून रडा. पिठलं गार होतंय." त्यांच्या टेबलाशी बसून मी पोटभर रडले आणि पोटभर जेवले. कवळ्या हारीने मांडून ठेवल्या होत्या, त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. परत आले तेव्हा बायोडेटा पुरा करावासा वाटेना. एका डब्यात आणि चार मिनिटांत त्या माणसाने हे सगळं आधीच मोजून ठेवलं होतं! मी अक्षरशः थक्क झाले.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला म्हणून पहिल्यांदाच काकांच्या ऑफिसात गेले. नारायण पेठेत तिसरा मजला, लांबलचक बोळकंडीच्या टोकाला. वाटेतल्या प्रत्येक दाराला कुलूप. कुणाची गोदामं होती म्हणे, कुलपं गंजलेली. एकट्या काकांचं दार सताड उघडं होतं.

आत सिमेंटच्या ओट्यात बसवलेल्या त्या टेबलाशी काका जेवत होते, दाराकडे तोंड करून. लोणच्याच्या बरणीचं झाकण काढलेलं होतं. आणि डब्याशेजारी स्टॉपवॉच चालू होतं.

काय सांगायला आले होते तेच मी विसरले. पुण्यात आल्यापासून जपून दडवलेली माझी अमरावती आपोआप तोंडातून निघाली.

"एकटेच काऊन बसले, काका?"

काकांनी स्टॉपवॉच थांबवलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला बराच वेळ पुसला, पुन्हा लावला.

"एकोणीस वर्षं, सात मिनिटं," ते म्हणाले, आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.