एकटीने जाण्याचा परवाना

फणसवाडीतल्या एका तीनमजली चाळीत स्पृहाने सोमवारपासून कामावर एकटीने जायचं ठरवलं आणि चाळ कमिटीने या गोष्टीची गंभीर दखल घेतली.

स्पृहा अठरा वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली. ठाकूरद्वारच्या एका मिठाईच्या दुकानात खोकी दुमडायचं काम तिने स्वतः विचारून मिळवलं होतं. वाट सात मिनिटांची, सिग्नल एक. तिची आई अनुजा सहा महिने तिच्या मागून चालली. आधी दोन पावलांवरून, मग वीस, मग समोरच्या फुटपाथवरून. शेवटी स्पृहाच थांबून म्हणाली, "आई, तू दिसतेयस मला. घरी जा."

"आमचा विरोध नाही, अनुजाताई," सेक्रेटरी हरेश्वर म्हणाले. "पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? साधी चाचणी घेऊ. पास झाली की परवाना."

"आणि बाकीच्यांची चाचणी?" अनुजाने विचारलं.

"बाकीचे नॉर्मल आहेत."

इथे खजिनदार उन्मेषने घसा खाकरला. एकाच मुलीची परीक्षा घेणं म्हणजे भेदभाव, पेपरात येईल. तेव्हा सोळा वर्षांवरच्या सर्व रहिवाशांना चाचणी सक्तीची, असा ठराव एकमताने झाला. आपण नापास होऊ शकतो, ही शक्यता विषयपत्रिकेवर नव्हती.

शनिवारी चाचणी झाली: स्वतःचं स्वतः करता येतं का याचे दहा प्रश्न, त्यातला एक चहा करून दाखवण्याचा. बायकांनी ती कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये उरकली. स्पृहाला दहापैकी नऊ. चहात साखर जास्त झाली म्हणून एक गेला. 'घरात चहापावडर कुठे असते?' या प्रश्नाला हरेश्वरांनी लिहिलं, 'गुणवंतीला माहीत.' गुणवंती म्हणजे त्यांची पत्नी. पुढच्या सहा प्रश्नांनाही तेच उत्तर होतं. त्यांचा मुलगा केतन, वय सत्तावीस, हाताखाली चौदा माणसं. 'अंघोळीनंतर ओल्या टॉवेलचं काय करता?' 'तो आपोआप वाळतो.' आणि 'वाट चुकल्यास काय कराल?' याला जवळजवळ सगळ्या पुरुषांचं एकच उत्तर आलं: 'कोणाला विचारणार नाही.'

एक्केचाळीस पुरुषांपैकी चाळीस नापास. पास झाले ते दगडूआजोबा. बारा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून भाकरी तेच थापतात.

रविवारी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने सूचना लागली: 'नापास रहिवाशांनी पास व्यक्तीचा हात धरूनच बाहेर पडावे.'

सोमवारी साडेआठला इस्त्रीचे शर्ट घालून पुरुषवर्ग जिन्यात उभा. बायका त्यांचेच डबे भरण्यात अडकलेल्या, दगडूआजोबांचे हात पिठात. तयार होऊन खाली आलेली एकटी स्पृहा. चाळीस हात पुढे झाले.

"एकेक या," ती म्हणाली. "ढकलू नका. मला नऊला पोचायचंय."

कमिटीने पायऱ्यांवरच तातडीची सभा घेतली. चाचणी अव्यवहार्य ठरून रद्द झाली, फळा पुसला गेला.

"म्हणजे स्पृहा जाऊ शकते," अनुजा म्हणाली.

"तिचा विषय वेगळा आहे, ताई. तिच्यासोबत एक जबाबदार व्यक्ती हवी. आमचा केतन जाईल."

"तो नापास झालाय."

"ती चाचणी रद्द झाली ना."

भांडण अनुजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. नऊला बारा मिनिटं कमी होती, चाळीस माणसं बघत होती, आणि अठरा वर्षांची पडतं घेण्याची सवय. तिच्या तोंडून बाहेर पडलं ते इतकंच: "केतन, सांभाळून ने रे तिला." स्पृहाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागली. त्या पाहण्याने अनुजाचा पुढचा सगळा दिवस खाल्ला.

सिग्नल लाल होता. केतन मोबाइलमध्ये बघत रस्त्यात उतरला. स्पृहाने शर्टाला धरून त्याला मागे ओढलं, दिवा हिरवा होईपर्यंत धरून ठेवलं, मग मनगट पकडून पलीकडे नेलं. कमिटीच्या वहीत नोंद झाली: 'श्री. केतन यांनी कु. स्पृहा हिला नऊ वाजता सुखरूप पोचवले.'

या नोंदीला साक्षीदारही आहे. सिग्नलपाशी उभ्या असलेल्या एका सहृदय व्यक्तीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, तिला भरून आलं, आणि केतनच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "किती करतोस रे तिचं."

व्यक्तीचं नाव वहीत नाही. सोमवारी नऊच्या सुमारास तुम्ही ठाकूरद्वारलाच होतात ना?