रुमालाखालचा राक्षस

माणूस ओळखावा तर नागेंद्रनं! असं खुद्द नागेंद्रचंच मत होतं. गुलबर्ग्याच्या कॉलेजातून त्यानं डिग्री काय आणली ते त्याच्या आईलाच, ईरम्माला, ठाऊक. पण एक खेळ मात्र पक्का शिकून आला. टेबलाभोवती बसायचं, फाशे टाकायचे आणि कुणी योद्धा, कुणी चोर असल्याचं सोंग घ्यायचं. प्रत्येक सोंगाचा स्वभाव आधीच ठरलेला: नियम पाळणारा की मोडणारा, भला की दुष्ट. स्वभाव सोडून वागलं की पंच निकाल देणार. आणि सगळ्या ठाणाकुशनूर गावात पंच एकच, नागेंद्र!

"पाच मिन्टं समोर बसू दे, कुणाचाबी स्वभाव सांगतो," असं तो मित्राला, भीमराजला, ऐकवायचा. गावाचं या विद्येवाचून किती अडलं होतं म्हणून सांगू!

अशा या ज्ञानी पुरुषाचं लग्न जमत आलं होतं. हुलसूरची दानेश्वरी. बघायला गेला तेव्हा तिनं दिलेला बिनसाखरेचा चहाही हा गोड म्हणून प्याला, इतकी ती मनात भरली. आता तिचे वडील वीरभद्रप्पा घर बघून गेले, की सुपारी फुटणार. वीरभद्रप्पा देवणी बैलांचे दलाल. दात मोजल्याशिवाय गोऱ्ह्याला हात न लावणारा माणूस जावई असाच घेतोय होय!

ते सांगितल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच टपकले. बघतात तर ओसरीवर जावई भीमराजसमोर बसून फाशे हलवतोय!

"जुगार खेळायलास व्हय रे?"

"न्हाई मामा! ही धर्माची परीक्षा हाय. बसा की, तुमीबी खेळा!"

आतून ईरम्मानं डोळे वटारले. गुंडाळ ते! पण ज्ञान सांगायला लागलेला माणूस आईचं ऐकतो थोडाच?

"तुमी भला, नियमानं चालणारा योद्धा," नागेंद्रनं समजावलं. "मी राक्षस. राजकन्या माझ्या किल्ल्यात कैद हाय. काय करता?"

"तलवार काढा, अप्पा!" भीमराज कुजबुजला.

"कामून? आधी बोलू तर दे." वीरभद्रप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, नागेंद्रच्या हातावर पांघरला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो. बोटं बोलतात, तोंडं गप्प. पण गिऱ्हाईक नवखं, म्हणून ते तोंडानंही बोलले. "राजकन्या सोडतोस? सोडत असशील तर दाब हात."

बैलाची वेसण धरणारी ती मूठ! कळवळून नागेंद्रनं हात दाबला. सुटली राजकन्या! रक्ताचा थेंब न सांडता!

इथं गप्प बसला असता तर आज पोराबाळांचा बाप असता. पण अंगात पंच शिरला होता ना!

"चुकलाव मामा! राक्षसासंगं झाकून सौदा केलाव. भला मानूस असं करत न्हाई. आता तुमी दुष्ट!"

"मी? दुष्ट?"

"मी न्हाई म्हनत, नियम म्हनायलाय."

उप्पिटाची बशी घेऊन आलेली ईरम्मा उंबऱ्यातच थिजली. वीरभद्रप्पांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि चपला घातल्या.

"राक्षस कोन हुता?"

"मी. पन खेळात!"

"राजकन्या सोडली म्हून हात कुणी दाबला?"

"राक्षसानं."

"हात तर तुजाच हुता की रे! रुमालाखालचा शब्द मी जल्मात फिरवला न्हाई आन् कुणाला फिरवू दिला न्हाई. माजी राजकन्या सुटली. येतो!"

आता कुठं नागेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. दानेश्वरी चालली! तो अनवाणीच मागं धावला.

"मामा, थांबा! मी शब्द फिरवतो! तुमी भले, मीच दुष्ट! नियम मोडनारा पक्का दुष्ट!"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. वीरभद्रप्पा थांबले, मागं वळले. नागेंद्रचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं सांगितलास बाळा," ते मायेनं म्हणाले. "दुष्टाला पोरगी कोन देतंय?" आणि हुलसूरची बस धरायला निघून गेले.

ओसरीवर भीमराज उप्पिट संपवत बसला होता. "आता तुजा स्वभाव काय धरायचा रे? भला का दुष्ट?"

निकाल द्यायला पंचानं फाशे उचलले. पण तो आतून ईरम्मानंच दिला.

"बिनलग्नाचा!"