तात्यांची काळी मेंदी

दर सोमवारी सकाळी मी मेडिकलचं शटर अर्धं वर केलं, की आधी तात्यांच्या चपला दिसायच्या. शटर पुरतं वर गेलं की तात्या दिसायचे, आणि मग त्यांचे डोळे. पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, डोळ्यांभोवती लालभडक कडं, आणि त्याच्यावर काळ्या कुळकुळीत भुवया. मिश्याही तशाच काळ्या. वय त्र्याहत्तर.

"ताई, गाजरगवत," ते म्हणायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम आरोपीचं नाव.

पुढच्या सोमवारी आरोपी बदललेला असायचा. कधी कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं असायचं, कधी मोबाईल, कधी शेजारच्या लग्नातली हळद. एकदा तर त्यांनी व्याह्यांनाच धरलं. व्याही रविवारी सिन्नरहून येऊन गेले होते, म्हणून.

तात्यांनी आमच्या देवळाली प्रवरात दूध संकलन केंद्रावर तीस वर्षं दुधाची फॅट मोजली. रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. पूर्वी दूध तपासायचे, आता माणसं तपासत. एखाद्याबद्दल विचारलं तर म्हणत, "हाय बरा. पर साडेतीन फॅटच्या वर जात न्हाई." फार आवडलेल्या माणसाला "म्हशीचा" म्हणत. आणि जे पटत नसे त्याला त्यांच्याकडे एकच शेरा होता: "ह्यात पानी हाय."

मी एकदा विचारलंच, "तात्या, तुम्ही रविवारी डाय लावता ना?"

"डाय न्हाई. काळी मेंदी. झाडपाला हाय त्यो."

"नुसत्या झाडपाल्यानं केस इतके काळे होत नाहीत. त्यात केमिकल असतं. तेच बाधतंय तुम्हाला. निदान भुवयांना तरी नका लावू."

तात्यांनी सुजलेल्या फटींतून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तुमी शिकलेल्या हाय. पर ह्यात पानी हाय."

हसू आलं, पण आता त्या हसण्याचं वाईट वाटतं. कारण माझीही एक चूक आहेच. पहिल्या खेपेला मी त्यांना खाजेवरची एक ट्यूब दिली होती. दोन दिवस लावा म्हटलं. लाली उतरली. मग तात्या ती ट्यूब स्नो लावावा तशी तोंडभर लावू लागले, आणि मी देत राहिले. डोळ्याभोवतीची कातडी पातळ असते, तिथं असलं मलम डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नसतं, हे मी कॉलेजात शिकले होते. पण दुकानात गर्दी असते, माणूस ओळखीचं असतं. दिलं जातं.

गावात त्यांना सगळे 'हिरो' म्हणत. या वयात म्हाताऱ्याला रंगरंगोटी कुणासाठी लागते, यावर पारावर रोज चर्चा व्हायची. बायको, सरूकाकू, दोन वर्षांत कुणाला बाहेर दिसली नव्हती. मग तर लोकांच्या तोंडाला काय, धरबंधच नव्हता.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी तात्या आले ते सायकल धरून, चाचपडत. एक डोळा पुरता मिटलेला, भुवईखाली पाणी पाझरत होतं. त्या दिवशी त्यांनी आरोपीचं नाव सांगितलं नाही. मी शटर ओढलं, त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि राहुरीला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. ट्यूब हातात घेतली आणि आवाज चढवला. "ही कुणी दिली?"

माझे कान गरम झाले.

"व्याह्यांनी आनली हुती," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं: रंग बंद, ही ट्यूब बंद. डोळे चोळायचे नाहीत, तोंडाला साबण नाही. स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा डोळ्यांवर ठेवायचं. कातडी सुकली की साधं व्हॅसलीन. गोळ्या पाच दिवस. "आणि पुन्हा रंग लावलात तर नजरेवर बेतेल, आजोबा."

परतताना कॅनॉलच्या पुलावर मागून आवाज आला. "ताई, किती दिस बंद ठिवायचा रंग?"

"कायमचा."

घरापाशी उतरले तेव्हा त्यांची बोटं मिशीवर होती.

पुढचे तीन सोमवार शटरखाली चपला दिसल्या नाहीत. बरं वाटलं असणार म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चौथ्या आठवड्यात राहवेना, दुपारी त्यांच्या घरी गेले.

तात्या अंगणात शेवग्याखाली बसले होते. मी आधी ओळखलंच नाही. केस बारीक कापलेले, पांढरेशुभ्र. मिशी काढून टाकलेली. सूज गेली होती. तात्यांचे डोळे घारे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मी काही म्हणणार, तोच दार किलकिलं झालं. सरूकाकू.

"कोन गं तू? बरं झालं आलीस," ती म्हणाली. "आमचं मालक डेअरीवर गेल्यात, आन् ह्यो म्हातारा सकाळधरनं हितं बसलाय. जा म्हन त्याला. मला भ्या वाटतंय."

मी तात्यांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले, हात जोडून. स्वतःच्या बायकोला म्हणाले, "जातो, वैनी. घोटभर पानी तेवढं द्या."

तिनं तांब्या आणला. हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

तात्या पाणी प्यायले. मग हळूहळू सांगू लागले.

"दोन वर्सं झाली, ताई. पोरीचं नाव इसरली, मग पोरीलाच इसरली. ध्यानात ऱ्हायलं त्ये माझं त्वांड. तेबी डेअरीतलं, काळ्या मिशीचं. बोटभर पांढरं दिसलं तरी बिचकायची. म्हनून लावत हुतो. आज सकाळी समदं काढून टाकलं, तर तिनं दारच लावून घेतलं."

"मला सांगायचं होतंत, तात्या."

"काय सांगू? बायको वळखत न्हाई म्हनून सांगू?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू, दुसरा एखादा रंग चालेल का बघू. त्यांनी मान हलवली. "नगं. नजर गेली तर तिला कोन बघंल?"

वाट त्यांची त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी दार वाजवलं आणि सांगितलं, "वैनी, डेअरीतनं आलोय. तात्यांनी धाडलंय. मी येईस्तवर घरात बसा म्हनले." सरूकाकूनं दार उघडलं. तेव्हापासून तात्या रोज सकाळी अंगणात जाऊन, दार वाजवून, पाहुणे म्हणून स्वतःच्या घरात शिरतात. भाकरी तेच करतात. पाहुण्याला चुलीपाशी बसवायचं म्हणून काकू लाजते. गोळी घेत नसली तर "तात्यांनी सांगितलंय" म्हटलं की घेते. अंधार पडला की मग वाट बघणंही विसरते आणि दोघं जेवतात.

मध्ये एकदा गोळ्या न्यायला आले तेव्हा तात्या काउंटरला टेकून उभे राहिले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.

"ताई, काल काय म्हनली ठावं हाय? म्हनली, आमचं मालक लई गुनाचं. बाळंतपनात पाय चेपलं हुतं माझं, सासू बघत हुती तरी." ते थोडे हसले. "पन्नास वर्सांत मला कधी बोलली न्हाई. आता परक्याला सांगती. रोज सांगती."

मी गोळ्यांची पुडी बांधत राहिले. ती बांधायला एरवी एवढा वेळ लागत नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे काकूच्या गोळ्या द्यायला गेले होते. दोघं ओट्यावर बसले होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. काकूनं डोक्यावरून पदर घेतला होता. शेजारी बशीनं झाकलेला चहाचा कप होता.

"किती वाजलं ओ, पावनं?" तिनं विचारलं.

"साडेपाच."

"येतीलच आता."

"व्हय, वैनी," तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "येतीलच."